हरवलेल्यांच्या तंबूतली नोंद

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमचे ठाणेदारसाहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून वेळ काढून आलेल्या तहसीलदार मॅडम, मंचावरचे सरपंच आणि मान्यवर, समोर बसलेले पोलीस पाटील, ज्यांचा आज सत्कार आहे ते पाच पोलीस मित्र, माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी सहायक फौजदार सेवकराम टेंभरे. लोक मला जमादारच म्हणतात, आणि या महिनाअखेरीस निवृत्त होईपर्यंत जमादारच म्हणतील. साहेबांनी मला सांगितलं, "टेंभरे, पोलीस मित्रांची ओळख तुम्हीच करून द्या. फक्त लांबवू नका." मी लांबवणार नाही. पण एक गोष्ट तीन वर्षांपासून बोलायची राहिली आहे. ती आज बोलल्याशिवाय खाली बसणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पाचांपैकी तिघांबद्दल साहेब बोलतील. माझ्या वाट्याला दोघं आहेत. पहिले लीलाधरभाऊ. मंडप आणि लाउडस्पीकरचा यांचा व्यवसाय. गोंड समाजाच्या कचारगडच्या यात्रेत आपण हरवलेल्यांसाठी तंबू लावतो, तिथला भोंगा यांचा, आवाजही यांचाच. पाच दिवस सकाळपासून ओरडतात आणि सहाव्या दिवशी घरी खुणांनी जेवायला मागतात. वहिनी मागे बसल्या आहेत. हसू नका वहिनी, तुम्हीच मला सांगितलं होतं.

दुसरी दुर्गेश्वरी उइके. हिची ओळख करून द्यायची, तर मला तीन वर्षं मागे जावं लागेल.

त्या वर्षी माघी पौर्णिमेला तंबू माझ्याकडे होता. दुपारी बाराच्या सुमारास एका आजीबाईंना कोणीतरी आणून सोडलं. वय सत्तरच्या आसपास. आल्या त्या बोलतच. हातवारे करून, कधी रागावून, कधी माझी बाही ओढून. सगळं गोंडीत. मला पोवारी येते, झाडीबोली येते, हिंदी येते, कार्यालयापुरती मराठी येते. तीन-चार भाषा बोलणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला सगळं समजतं. मी त्यांना हिंदीत विचारलं. मग मराठीत विचारलं. मग तेच जरा मोठ्यानं विचारलं. समोरच्याला भाषा कळत नसली, की आपण आवाज काऊन वाढवतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

दोन वाजेपर्यंत त्या बोलत होत्या. मग गप्प झाल्या आणि गप्पच राहिल्या. लीलाधरभाऊंनी हिंदीत पुकारा केला, कोणी आलं नाही. संध्याकाळी तंबू आवरताना मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "अनोळखी महिला, वय अंदाजे सत्तर, बोलता येत नाही." आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका निवारागृहात पाठवून दिलं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

तंबूच्या बाहेर काय होतं? हजारो माणसं गोंडीत बोलत होती. पडदा सारून एकाला हाक मारायची होती. ती मी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आणि नात ठाण्यात आले. शिपायानं रजिस्टर वाचून दाखवलं. नात म्हणाली, "नाही जी, हे आमची आजी नाही. आमची आजी तं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत राहते." आणि ते निघून गेले. मी फोटो काढला होता, तो जिल्हा पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडून राहिला. त्यांना दाखवायचं कोणाला सुचलं नाही. पुढचे नऊ दिवस ते घरचे लोक गावोगाव, बसस्टँडवर, रेल्वे फलाटावर फिरले. अकराव्या दिवशी निवारागृहातल्या स्वयंपाकीणबाईंनी आजीबाईंना चुलीपाशी पुटपुटताना ऐकलं. त्या बाईंना गोंडी येत होती. दहा मिनिटांत गावाचं नाव मिळालं. माझ्या एका ओळीनं एक म्हातारं माणूस अकरा दिवस घराबाहेर राहिलं.

पुढच्या वर्षी यात्रेच्या पहिल्याच सकाळी ती नात तंबूत आली. मी मनात म्हटलं, झालं, आता भर यात्रेत पाणउतारा. ती म्हणाली, "मी भांडाले नाही आली, जमादार साहेब. मी इथं बसाले आली. गोंडी बोलणारा कोणी तं पायजे ना इथं." आणि खुर्ची ओढून बसली. हीच दुर्गेश्वरी.

तिसऱ्या दिवशी यादोराव नावाचे एक आजोबा आले. कानानं कमी, गाव विचारलं तर नदीचं नाव सांगत होते. आधार कार्ड नाही, फोन नंबर पाठ नाही. माझे प्रश्न संपले. दुर्गेश्वरी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली आणि त्यांच्या कानाशी गोंडीत विचारलं, तुमचे देव किती, गोत्र कोणतं? गोंडांत कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात. आजोबांनी लगेच बोटं दाखवली आणि म्हणाले, मडावी. तिनं माईक घेतला आणि गोंडीत पुकारा केला.

साहेब, अर्ध्या तासात चाळीस मडावी आले! मी हातात काठी घेऊन उभा राहिलो, मला वाटलं भांडण झालं. मी विचारलं, "यांना ओळखता का?" एकही ओळखत नव्हता. "मग कायले आले?"

त्यातले एक म्हातारे पुढे झाले. म्हणाले, "मडावी हाय ना? मंग आपलाच हाय."

मी म्हटलं, ओळख पटल्याशिवाय ताबा देता येणार नाही. ते म्हणाले, नका देऊ, आम्ही बसतो. आणि सगळे बसले. कोणी चहा आणला, कोणी आजोबांना घोंगडी दिली. तुमची आई कोणत्या गोत्राची, बहीण कुठं दिली, असं विचारत विचारत तासाभरात त्यांच्या जावयाचं गाव निघालं. जावई तिथंच, गुहेच्या पायऱ्यांपाशी, रडत शोधत होता. तेव्हापासून आपल्या तंबूच्या फॉर्मवर गोत्राचा रकाना आहे. तो माझा नाही, दुर्गेश्वरीचा आहे. आणि तंबूत आल्यापासून तिनं आजीचा विषय एकदाही माझ्यापुढे काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मी सुटलो असतो.

आता आभार. हे सभागृह दिल्याबद्दल ग्रामपंचायतीचे, मला बोलू दिल्याबद्दल साहेबांचे, आणि पाचही पोलीस मित्रांच्या घरच्यांचे, कारण यात्रेत त्यांचा माणूस आम्ही नेतो आणि शेत घरचे सांभाळतात.

शेवटी वक्ते म्हणतात, काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. माझं काय चुकलं ते मला तारखेसकट माहीत आहे. तिसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात शांतीबाई बसल्या आहेत, दुर्गेश्वरीची आजी. दुर्गेश्वरी, मी म्हणतो ते त्यांना गोंडीत सांग.

शांतीबाई, त्या दिवशी मी लिहिलं की तुम्हाला बोलता येत नाही. तुम्ही दोन तास बोलत होतात. मला समजत नव्हतं. चूक माझी होती, मला माफ करा. जुन्या रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, म्हणून ही दुरुस्ती मी इथं, सगळ्यांसमोर करतो आहे.

लीलाधरभाऊ, माईकची वायर तिसऱ्या रांगेपर्यंत पुरते ना? पुरवा. त्या दिवशी त्या काय सांगत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. आज त्यांना सांगू द्या. साहेब, थोडं लांबेल. मी ऐकायला खाली बसतो.

सगळ्यांना गोंडीतला नमस्कार, सेवा जोहार.