चाखण्याचे दहा गुण

(बडोद्यातल्या एका कॉलेजची पाककलेची लॅब. गॅसवर डाळ. परीक्षक निरुपमा मॅडम, विद्यार्थिनी भक्ती, दारात शिपाई विश्राम.)

निरुपमा : नियम साधा आहे. जिनं रांधलं तिनं आधी चाखायचं, मग मला वाढायचं. चाखण्याचे दहा गुण.

भक्ती : अर्जात लिहिलंय मॅडम. जयापार्वतीचं व्रत आहे, पाच दिवस मीठ नाही. आज पाचवा.

निरुपमा : ते तर गुजराती मुलींचं व्रत. तू तरसालीची मराठी पोरगी.

भक्ती : सोसायटीतल्या सगळ्या मैत्रिणी करतात. आई म्हणाली, तीन पिढ्या बडोद्याचं पाणी पितोय, पार्वती काय भाषा विचारणार आहे?

निरुपमा : आणि मागच्या वर्षी कोणतं व्रत होतं? डाळीत दोनदा मीठ घातलंस.

भक्ती : तेव्हा चाखली होती मॅडम. घाबरून चवच कळेना. आज परत नापास झाले तर वर्ष गेलं. बाबा म्हणतात, मग घरी बस, स्थळं बघू.

निरुपमा : मग चाख की एक थेंब. पार्वती समजून घेईल.

भक्ती : ती घेईल हो. मला चैन पडणार नाही.

निरुपमा : बरं, दुसऱ्याकडून चाखून घे. विश्रामभाई, इकडे या.

विश्राम : हुकूम करा, पण डाळ नको. बीपी आहे. डॉक्टरनी मीठ बंद केलंय, घरी बायकोचा पहारा.

भक्ती : मग मॅडम, तुम्हीच चाखा ना.

निरुपमा : मी परीक्षक आहे. कुणाच्या वाटणीचं चाखत नसते.

विश्राम : ते कारण नाही, बेन. मॅडम चार दिवस कॅन्टीनच्या खमणाला हात लावत नाहीत. नुसतं दूध नि केळी. मीच आणतो ने.

निरुपमा : विश्रामभाई, तुमचं दाराकडे लक्ष असू द्या.

भक्ती : मॅडम, तुम्हीसुद्धा?

निरुपमा : पाच वर्षांचं व्रत. चार झाली होती. पाचव्या वर्षी मी याच ओट्यापाशी उभी होते, परीक्षेला. अर्ज करायची हिंमत झाली नाही. चाखलं. दहापैकी दहा मिळाले आणि घरी जाऊन रडले. ते राहिलेलं पाचवं वर्ष यंदा पुरं करतेय.

भक्ती : मग माझा अर्ज?

निरुपमा : सोमवारीच सही केलीय. तू कितपत टिकतेस ते बघत होते.

भक्ती : पण मग चाखायचं कोणी? निकाल तर परवा लागायचाय.

निरुपमा : आज रात्री जागरण, उद्या सकाळी व्रत सुटेल. डाळ फ्रिजमध्ये ठेव, झाकणावर नंबर लिही. उद्या आधी तू चाख, मग मी.

विश्राम : आणि मी?

निरुपमा : तुम्ही माझी उरलेली केळी संपवा.

भक्ती : म्हणजे मीठ आज अंदाजानंच घालायचं. परत खारट झाली तर?

निरुपमा : बावीस वर्षं अडकलेलं माझं व्रत तुझ्या डाळीनं सुटणार आहे, भक्ती. बघून घाल.