पांढऱ्या गाडीच्या पुढं

...नको म्हटलं ना निलेश, नाही बसायचं मला तुझ्या मॅडमच्या गाडीत. तू बस, एसी लाव, पेपर वाच. मी या शाळेच्या गेटपाशीच बरी — मिहिर बाहेर आला की पहिली मी दिसायला हवी त्याला. आजी आहे मी त्याची, बापाची आई! तुझ्या मॅडम म्हणजे आईची आई, ठीक आहे, दोघी आज्याच — पण पोरगं आम्हाला काय म्हणतं ठाऊक आहे ना? त्या कारवाली आजी, आणि मी रिक्षावाली आजी. आता बोल! वर्षभर या मुलुंडच्या धुळीत रिक्षांना हात करकरून शाळेत सोडलं, आणलं, आणि माझ्या वाट्याला काय आलं, तर रिक्षा!

आणि विहीणबाई? त्या घाटकोपरला सोफ्यावर बसून फोनवर शिकवतात. ‘बेटा, व्हॉट इज दिस?’ — की हा लगेच, ‘टँकर! ट्रक! अ‍ॅम्ब्युलन्स!’ मांडीवर घेऊन मी शिकवलेली होडी, आगगाडी, विमान — गेलं सगळं पाण्यात. बरं, मी काय गप्प बसले? भांडी घासता घासता मीपण पाठ केलं — फायर ब्रिगेड, बायसिकल, एरोप्लेन. एरोप्लेन म्हणताना कवळी हलते माझी, तरी म्हणते. तर हा काय बोलावा? ‘आजी, तू नको बोलू, कारवाली आजीसारखं नाही येत तुला.’ जळले मी, खोटं कशाला बोलू? अशी जळले की दोन दिवस विहीणबाईंचा फोन नाही उचलला.

आता आज हा शाळेचा ट्रान्सपोर्ट डे. पोरांनी गाडी बनून यायचं आणि माइकवर तिचं इंग्लिश नाव सांगायचं. मी केळ्यांच्या खोक्याची रिक्षा केली — काळी-पिवळी, पुढं आरसा, खांद्याला टोचू नये म्हणून आतून माझ्या जुन्या साडीचं फडकं. आणि काल तूच आणून दिलंस ना ते हेलिकॉप्टर? फिरणाऱ्या पंख्याचं, ऑनलाइनचं? तुझा काय दोष मेल्या, तू हुकमाचा ताबेदार. सकाळी दोन्ही समोर ठेवली. हा सरळ हेलिकॉप्टरात शिरला. रिक्षा आहे तशीच, कपाटावर.

तसं मला काय, कुठंही राहू दे त्याला, मी सुटले! सूनबाई दीप्ती जूनपासून ऑफिसला जाणार, तर सुबोध काल म्हणतो, ‘आई, उद्या शाळेत निलेशपण येईल, तूपण जा. मिहिर ज्याच्याबरोबर खुशीनं जाईल, त्या आजीकडे ठेवू.’ माझा पोटचा पोरगा बोलतो हे! म्हणून तर काल मी मिहिरला सांगितलं, त्या गाडीत बसलं की उलट्या होतात — हसतोस काय? मी बसलेय तुमच्या गाडीत, सुबोधच्या लग्नाच्या वेळी. इतकी गार, इतकी मऊ, डोळाच लागला होता माझा. हे मॅडमना सांगशील तर बघ हां!

आला! अगं बाई, पंखा अडकला दारात — मिहिर! सोन्या, इकडे, आजी इकडे! ...हो रे, बघितलं, फिरतोय की. काय म्हणतोस? रेस? तू कारमध्ये, आणि मी रिक्षातून मागून? ...हो राजा. लावू की. तू बस.

बघत काय राहिलास निलेश? दार उघड त्याला. पट्टा बांध, पंखा मोडू नकोस, लेकरू आहे आत, हळू चालव. जा — जा म्हणते ना!

ए रिक्षा! घाटकोपर! टाक मीटर, आणि ती पांढरी गाडी दिसते ना — तिच्या पुढं घे.