रविवारचा हॉल

उमरेडच्या बसच्या रांगेत नंदिनीच्या पुढे एक आजोबा आणि एक आजी उभे होते. बऱ्याच दिवसांनी भेटलेले दिसत होते.

“देवरावभाऊ, सदरमधला आपला कम्प्युटर क्लब काहून बंद केला जी?”

“मी कुठं बंद केला, प्रेमलताताई? ग्रुपवर विचारलं होतं न, रविवारचा हॉल ठेवू का सोडू? महिनाभर वाट पाहिली. एकानंही जवाब नाही देला. मंग चावी वापस केली.”

“जवाब कसा देणार? ग्रुपवर तुमच्याशिवाय कोणाले लिहिताच येत नव्हतं.”

“ते सेटिंग तं गुड मॉर्निंगचे फुलं थांबवाले केलं होतं. दोन दिवसांसाठी.”

“ते तसंच राहिलं.”

“मंग फोन काहून नाही केला, ताई?”

“आमाले वाटलं, आमचं बोलणंच तुमाले नको झालं.”

देवरावांनी मोबाइल काढला. बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

“घ्या, खोललं. आता लिहा.”

“आता काय लिहू?”

“तवा जे लिहिलं असतं, ते.”

प्रेमलताबाई एका बोटानं टाइप करत राहिल्या. मग देवरावांचा फोन वाजला. नंदिनीला वाचायचं नव्हतं, पण त्यांनी अक्षरं खूप मोठी करून ठेवली होती.

‘हॉल सोडू नका.’