आजी, व्हिला

इटलीत काय पाहिलं ते नंतर सांगते. आधी मी तिथं पोचले कशी, ते ऐका.

माझ्या मुलानं, नितीननं, दोन मित्रांच्या कुटुंबांबरोबर आठवडाभरासाठी तिकडे व्हिला बुक केला. प्लॅनिंग इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आमच्याच टेबलावर. गर्दीची शहरं नकोत, फारसं कुणी जात नाही अशा जागा बघायच्या म्हणे. यादी प्रिंट केली. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून नातीला म्हटलं, वाच.

"डे वन, लेक, एव्हरीबडी. आजी, व्हिला. डे टू, हिल टाउन, एव्हरीबडी. आजी, व्हिला. डे थ्री, हॉट स्प्रिंग, एव्हरीबडी. आजी, व्हिला."

"नितीन, मी व्हिलावर काय करू?"

"आई, तुझे गुडघे दुखतात. तू आराम कर. संध्याकाळी आम्ही आलो की फक्त गरम पोळ्या..."

"दहा माणसांच्या पोळ्या उभ्यानं लाटताना गुडघे दुखत नाहीत का रे?"

मी नातीला विचारलं, "ते तिसरं काय गं?"

"गरम पाणी, आजी. डोंगरातून येतं. यू जस्ट सिट इन इट."

"मग हे गुडघे तिथंच न्यायचे."

सुनेनं पेन घेतलं आणि प्रत्येक ओळीतला व्हिला खोडला.

"अगं, पण जेवणाचं काय?" नितीन म्हणाला.

"किचन आहे," ती म्हणाली, "आणि तुलाही सुट्टी आहे."

मी उठले, पोळपाट-लाटणं आणून त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "अजून महिना आहे. बस शिकायला."