खचलेल्या पायऱ्यांचं माप

(सिरपूर. सुरंग टीला या जुन्या मंदिराच्या दगडी पायऱ्या. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीच्या विटा बसवण्यात उमर घालवलेला देवीदास आणि वास्तुकला शिकणारी त्याची मुलगी नीलिमा. कॉलेजसाठी ती पायऱ्या मोजून नकाशा काढते आहे, तो टेपचं टोक धरून आहे.)

देवीदास : अन् हे खरंच राजधानी होती? तीस वर्षं रायपुरात काढली, मले पत्ताच नाही!

नीलिमा : दक्षिण कोसलची राजधानी, बाबा. तिकडे बाजार होता, पलीकडे बुद्धविहार, मागे महानदी. टेप हलवू नका ना!

देवीदास : हलवून नाही राहिलो. ते विटांचं देऊळ पाहिलं मघा, जोडात नख शिरत नाही! घासून घासून बसवली असंल एकेक वीट. आम्ही भट्टीत तसंच करत होतो.

नीलिमा : लक्ष्मण मंदिर. वासटा राणीनं बांधलं, नवऱ्याच्या आठवणीत.

देवीदास : वा रे बाई! मग एवढं सोडून गेले काहून सगळे?

नीलिमा : कोणी म्हणतं भूकंप, कोणी म्हणतं पूर. पक्का किसी को नहीं मालूम.

देवीदास : भूकंपच असंल. ह्या पायऱ्याच पाहा न, झोळीसारख्या लोंबल्या मधात. दाखव तुझा कागद.

नीलिमा : राहू द्या, तो झाला आहे. फक्त एका पायरीची उंची बघायची होती.

देवीदास : दाखव म्हणतो न! ...अवं, ह्या तर सरळ काढल्या तू! पट्टी लावून!

नीलिमा : आमच्या ग्रुपनं ठरवलं तसं. एका कडेचं माप घ्यायचं, सरळ रेघ ओढायची. बांधल्या तेव्हा सरळच होत्या न?

देवीदास : वर काय लिहिलं आहे?

नीलिमा : ...‘सद्यस्थिती’.

देवीदास : म्हणजे आजची. अन् आज त्या सरळ नाहीत.

नीलिमा : बाबा, प्लीज! एकेक पायरी तीन-तीन ठिकाणी मोजायची, म्हणजे संध्याकाळ होईल. उद्या दहाला शीट नाही दिली तर वर्ष जाईल माझं. कौन देखता है इतना?

देवीदास : हेच. अगदी हेच म्हणाले होते आमचे साहेब.

नीलिमा : कधी?

देवीदास : तू दोन वर्षांची होती. नव्या भट्टीचा तळ बोटभर खचला होता. साहेब म्हणाले, रजिस्टरात ‘लेव्हल बरोबर’ लिही, उद्या चालू करायची आहे, कौन देखता है. मी लिहिलं, खाली माहं नाव टाकलं.

नीलिमा : मग?

देवीदास : खचल्या जागेतून वितळलेलं लोखंड बाहेर आलं. माह्यासंगं भट्टीवर असलेल्या नत्थूकाकाचा पाय पाहिला न तू?

नीलिमा : तो तर लहानपणी चुलीत भाजला. काकाच सांगतात.

देवीदास : तो तसं सांगते. माह्यासाठी.

नीलिमा : ...बाबा.

देवीदास : रडू नको. अठरा वर्षं झाली, कोणाले बोललो नाही. आज ह्या पायऱ्या पाहिल्या अन् पोटातलं ओठावर आलं.

नीलिमा : शाईनं काढलं आहे सगळं. खोडता नाही येत.

देवीदास : कोरा कागद नाही काय?

नीलिमा : आहे एक.

देवीदास : मग काढ. रात्रभर जागू, मी चहा करत राहीन. लागलंच तर उद्या तुह्या सरांसमोर मी उभा राहतो.

नीलिमा : सुरुवात वरून करू की खालून?

देवीदास : खालून. धर ते टोक. ...नीलू, कागदावर माप घेणाऱ्याचं नाव टाकतात काय?

नीलिमा : हव, टाकतात.

देवीदास : मग ह्यावर माहं टाक.