मी आहे

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारी आई आणि तिचा इंजिनिअर मुलगा बसले होते.

"इतकं दिसेनासं होईपर्यंत फोन का नाही केलास?"

"तूच म्हणालास, काही विशेष असेल तरच कर."

"बरं, राहू दे."

"तुझं काय चाललंय?"

"अंतराळयानातल्या वायरी कमी करतोय. आतली यंत्रं बिनतारी बोलणार एकमेकांशी."

"काय बोलतात?"

"तापमान, दाब. काहीच नसलं तरी मधूनमधून 'मी आहे' एवढं कळवायचं."

"काही नसताना कशाला उगीच?"

"अगं, गप्प बसलं तर बंद पडलंय की काय, कळणार कसं?"

"आणि बसलंच गप्प, तर?"

"लगेच हाक मारायची त्याला. त्यात हयगय चालत नाही."

"बरंय बाई त्यांचं."