दुधातली पुडी

…चालतं गं, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी एकत्र चालतं—मघापासून तेच विचारतेयस, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस, चैत्राली? तुला वाटतंय, दीनानाथकाकांनीच काकूला काहीतरी चुकीचं दिलं. मी? अगं, पन्नाशीपासून तिची हाडं मी सांभाळतोय! हो, शेजारधर्म म्हणून गाडी काढून इमर्जन्सीत आणलंस, उपकार आहेत—माझ्या गाडीचे बर्फातले विंटर टायर्स अजून बेसमेंटमध्येच पडलेत—पण म्हणून उलटतपासणी नको. डॉक्टरनेही तेच विचारलं, एनी सप्लिमेंट्स? म्हटलं, कॅल्शियम अँड व्हिटॅमिन डी, द युज्वल. खोटं आहे का? नाही ना!

पुड्या? कुठल्या—अच्छा, पुण्याच्या. किचनमध्ये पाहिल्यास होय. माझा पुतण्या आणतो दर ट्रिपला, डीची, साठ हजार युनिटची पुडी, दुधात टाकली की झालं, कॅल्शियम अंगात भिनतं. तिकडे आठवड्याला एक देतात, मान्य. पण तिकडे ऊन आहे! कॅल्गरीत ऑक्टोबरपासून सगळं अंग झाकलेलं, ऊन लागणार कुठे? मग आठवड्याची रोज नको करायला? साधं लॉजिक आहे. आयुष्यभर पाइपलाइन डिझाइन केल्या मी, मार्जिन ठेवावंच लागतं. लता म्हणायची, अहो, अति तिथे माती. मी म्हणायचो, इंजिनिअर तू की मी? मग प्यायची बिचारी. तोंड वाकडं करायची, पण प्यायची. जेवण जाईना, तेव्हाही मी दूध सोडू दिलं नाही—तेवढंच पोटात जातंय म्हणून. नुसती पाणी पाणी करायची. आज सकाळी ग्लास पुढे केला तर म्हणते, तुम्ही कोण? मला म्हणते, तुम्ही कोण… आणि घेतला गं तिने ग्लास, अनोळखी माणसाच्या हातून. सगळा प्यायली.

किडनीचं काहीतरी बोलत होते मघाशी. रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, एवढं कशाने वाढलं ते कळत नाही म्हणतात. कळेल त्यांना, एवढी मशिनं आहेत. आपण कशाला—ऊर्मी निघालीय टोरांटोहून, आपल्या बापानेच हे केलं असं लेकीला कळलं ना, तर ती आईला माझ्याजवळ ठेवायची नाही. मी एकटा काय करू त्या घरात?

अशी बघू नकोस. कुठे निघालीस? वॉशरूम तिकडे आहे—चैत्राली, त्या नर्सशी काही बोलायचं नाही, ही आमच्या घरातली गोष्ट आहे, तू बाहेरची आहेस! बस म्हणतो ना खाली—चैत्राली—अगं, निदान… निदान रोज म्हणू नकोस—